निकाल सगळ्यांचा, बॉसमन कोणाचा?

२०२४ च्या उन्हाळ्यात किलियन एम्बापे पॅरिसचा क्लब सोडून रिअल माद्रिदला गेला. त्याच्या ट्रान्सफरपोटी माद्रिदने पॅरिसला काहीच दिले नाही. २०२१ मध्ये मेस्सी बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला, तेव्हाही तसेच. करार संपला, माणूस मोकळा झाला, जिथे जायचे तिथे गेला. रात्र रात्र जागून चॅम्पियन्स लीग बघणाऱ्या आपल्या वस्तीतल्या पोरांना यात काही विशेष वाटत नाही. वाटायचे कारणही नाही, कारण त्यांच्या जन्माआधीच हा प्रश्न निकाली निघाला होता.

तो निकाली काढणारा माणूस मेस्सीसारखा कोणी नव्हता. ज्याँ-मार्क बॉसमन हा बेल्जियमच्या लिएज शहरातला मधल्या फळीतला खेळाडू. जन्म १९६४ चा. गावातल्याच स्टँडर्ड लिएज या मोठ्या क्लबकडून खेळला, तिथे जम बसला नाही, म्हणून १९८८ मध्ये त्याच शहरातल्या आरएफसी लिएज या लहान क्लबकडे आला. पुढच्या यादीत फ्रान्समधला दुसऱ्या डिव्हिजनचा एक संघ, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा एक क्लब आणि बेल्जियमच्या तिसऱ्या डिव्हिजनमधला आणखी एक. विश्वचषक नाही, गाजलेला गोल नाही. ज्याचे पोस्टर कोणी भिंतीवर लावले नाही असा, पगारावर खेळणारा कामगार. इंग्रजी वर्तमानपत्रांत 'बॉसमन' हे आता विशेषनाम राहिलेले नाही, फुकट ट्रान्सफरचेच ते नाव झाले आहे. नाव टिकले आणि माणूस पुसला गेला. आम्हाला या लेखात त्या माणसाबद्दल बोलायचे आहे.

काही वाचक विचारतील, की युरोपातल्या गोऱ्या फुटबॉलपटूच्या पगाराची चिंता आंबेडकरी कार्यकर्त्यांनी का करावी? इथे काय प्रश्न कमी पडलेत? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की कष्ट करणाऱ्याच्या अंगावर मालकी कोणाची, हा प्रश्न बाबासाहेबांनी आयुष्यभर लढवला, आणि बॉसमनच्या खटल्याइतका तो उघडावाघडा क्वचितच दिसतो. शिवाय खटला जिंकल्यावर त्याचे जे झाले, ते आपल्याकडच्या कार्यकर्त्याने नीट वाचून ठेवण्यासारखे आहे.

आधी १९९० मध्ये काय घडले ते पाहू. बॉसमनचा करार ३० जून १९९० ला संपणार होता. बोनस धरून महिन्याला सरासरी १ लाख २० हजार बेल्जियन फ्रँक त्याला मिळत होते. बेल्जियन फुटबॉल संघटनेचा नियम असा, की करार संपण्याआधी २६ एप्रिलपर्यंत क्लबने खेळाडूपुढे नवा करार ठेवायचा. ठेवला नाही, तर खेळाडू हौशी धरला जाणार आणि क्लबचा त्याच्यावरचा हक्क जाणार. लिएज क्लबने २१ एप्रिलला, म्हणजे मुदतीच्या पाच दिवस आधी, नवा करार पुढे केला. पगार महिना ३० हजार फ्रँक. संघटनेच्या नियमात बसणारी ही किमान रक्कम. म्हणजे एका फटक्यात पगार चौथ्या हिश्श्यावर.

बॉसमनने नकार दिला. मग क्लबने त्याला विक्रीच्या यादीत टाकले आणि त्याची किंमत ठरवली १ कोटी १७ लाख ४३ हजार फ्रँक. दोन वर्षांपूर्वी याच क्लबने त्याला ३० लाखांना घेतले होते! पगार देताना माणूस पाव, विकताना चौपट. ही किंमत कोणा शहाण्याने त्याचा खेळ बघून काढलेली नव्हती. खेळाडूची वार्षिक कमाई घ्यायची आणि त्याच्या वयानुसार २ पासून १४ पर्यंतच्या एका आकड्याने गुणायची, असा तो हिशेब होता. शेतकरी बैलाचे दात बघून किंमत करतो, इथे जन्मतारीख बघून करत होते.

एवढ्या पैशाला कोणी घेईना. तेव्हा बॉसमनने स्वतःच फ्रान्समधल्या डंकर्क या दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबशी बोलणी केली. महिना एक लाखाच्या आसपास पगार ठरला. लिएज आणि डंकर्क यांचाही आपसात करार झाला, एका वर्षासाठी १२ लाख फ्रँक. सगळे ठरले. फक्त एक कागद हवा होता, बेल्जियन संघटनेने फ्रेंच संघटनेला पाठवायचे ट्रान्सफरचे प्रमाणपत्र, तेही २ ऑगस्टच्या पहिल्या सामन्याआधी. डंकर्ककडे पैसे आहेत की नाहीत अशी लिएजला शंका आली आणि त्यांनी तो कागद मागवलाच नाही. वर ३१ जुलैला संघटनेकडे मागणी केली, की बॉसमनला निलंबित करा. म्हणजे त्या अख्ख्या हंगामात त्याने कुठेच खेळायचे नाही. करार संपलेला, पगार बंद, आणि तरी तो क्लबच्या दावणीला. सुटकेचा नियमातला एक मार्ग होता खरा. दोन हंगाम न खेळता घरी बसायचे, मग हौशी खेळाडू म्हणून क्लबच्या परवानगीविना जाता येत होते. पंचविशीतल्या फुटबॉलपटूला दोन वर्षे घरी बसवणे म्हणजे त्याचे पाय कापण्यासारखेच.

आपल्या वाचकांना इथे महार वतन आठवले नसेल तर नवल. आम्ही दोन्ही गोष्टी एक आहेत असे म्हणत नाही. बॉसमनला कोणी विटाळ मानला नव्हता, त्याच्या लेकराबाळांना ती चाकरी वारशाने मिळणार नव्हती, आणि पगार मिळत होता तेव्हा तो चांगला मिळत होता. वतनात अख्खे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले असे आणि पदरात पडे ते बलुते आणि जमिनीचा तुकडा. पण युक्तिवादाची जात एकच आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनावर हात घातला की गावगाड्याचा प्रश्न पुढे केला जाई, महारांनी कामे सोडली तर गाव चालायचे कसे? फुटबॉलच्या मालकांनी कोर्टात हेच सांगितले. खेळाडू मोकळे झाले तर लहान क्लब मरतील, तरुण पोरांना शिकवायला कोणी पैसा घालणार नाही, खेळाचा तोल जाईल. गाडा चालला पाहिजे हे सगळ्यांना मान्य. तो कोणाच्या खांद्यावर चालतो, हे मात्र विचारायचे नाही.

१९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणून संपाला गुन्हा ठरवायचे घाटले, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब कायदेमंडळात उभे राहिले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा होता, की कामगाराने काम सोडणे हा फार तर कराराचा भंग होईल, तो गुन्हा होऊ शकत नाही. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे त्याला गुलाम करणे. ७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संप त्यातूनच झाला. बॉसमनने तर करारही मोडला नव्हता. करार पूर्ण करून तो निघाला होता.

८ ऑगस्ट १९९० ला त्याने लिएजच्या कोर्टात दावा लावला. नोव्हेंबरमध्ये अंतरिम आदेश झाला, की क्लब आणि संघटना यांनी त्याला महिना ३० हजार फ्रँक द्यावेत आणि त्याच्या नोकरीच्या आड येऊ नये. कागदावर तो मोकळा झाला. प्रत्यक्षात काय झाले? फ्रान्सच्या सेंट क्वेंटिन क्लबने घेतले, एका हंगामात करार संपवला. १९९२ मध्ये रियुनियन बेटावरच्या क्लबने घेतले, तोही करार तुटला. मग बेल्जियम-फ्रान्समध्ये पुन्हा शोधाशोध आणि शेवटी शार्लरुआ शहरातला तिसऱ्या डिव्हिजनचा ऑलिंपिक क्लब. युरोपच्या न्यायालयाने आपल्या निकालपत्रातच नोंदवले आहे, की कोर्टाने मोकळे करूनही त्याला घेऊ शकणाऱ्या युरोपातल्या क्लबांनी त्याच्यावर बहिष्कार टाकल्याची परिस्थितीजन्य पुराव्याची भक्कम चिन्हे आहेत.

बहिष्कार हा शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. काठी नाही, कुऱ्हाड नाही, शिवीसुद्धा नाही. फक्त काम द्यायचे नाही. १९३० च्या स्टार्ट समितीच्या अहवालात, ज्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते, मुंबई इलाख्यातल्या खेड्यांत हे हत्यार कसे चालते ते नोंदवले आहे. हक्क मागणाऱ्याची मजुरी बंद, वाट बंद, दुकानातला व्यवहार बंद. गोलमेज परिषदेत त्यांनी ज्या संरक्षणांची मागणी केली, त्यांत बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी होती ती उगाच नव्हे. युरोपातल्या क्लबांनी बॉसमनविरुद्ध कुठे लेखी ठराव केला असण्याची गरजच नव्हती. गावातही कुठे ठराव लिहितात?

१५ डिसेंबर १९९५ ला लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाचा निकाल आला. करार संपलेल्या खेळाडूसाठी एका सदस्य देशाच्या क्लबने दुसऱ्या सदस्य देशाच्या क्लबकडे ट्रान्सफरचे पैसे मागणे हे कामगारांच्या मुक्त संचाराच्या हक्काविरुद्ध आहे, असे न्यायालय म्हणाले. सोबत संघात परदेशी खेळाडू किती असावेत याची मर्यादाही युरोपीय समुदायाच्या नागरिकांपुरती मोडीत निघाली. क्लबांमधला तोल राखणे आणि तरुणांना शिकवणे ही उद्दिष्टे योग्य आहेत हे न्यायालयाने मान्य केले. पण त्यासाठी खेळाडूला बांधून ठेवण्याची गरज नाही, ती दुसऱ्या मार्गांनीही साधता येतात. न्यायालयाचे महाधिवक्ता कार्ल ओटो लेन्झ यांनी आपल्या मतात तो मार्गही दाखवला होता. क्लबांच्या उत्पन्नाचा काही भाग एकत्र करून वाटा. टीव्हीचा पैसा, तिकिटांचा पैसा.

तो मार्ग मोठ्या क्लबांनी पुरेसा कधीच धरला नाही, आणि नेमके हे विसरून गेली तीस वर्षे एक रडगाणे चालू आहे, की बॉसमनने फुटबॉल बिघडवले. पुरावा म्हणून अॅमस्टरडॅमच्या अयाक्सचे उदाहरण देतात. १९९५ मध्ये आपल्या घडवलेल्या पोरांच्या जोरावर युरोपचा चषक जिंकणारा संघ दोन वर्षांत फुटला. एडगर डेव्हिड्स १९९६ मध्ये, पॅट्रिक क्लायव्हर्ट १९९७ मध्ये मिलानला गेले, अयाक्सच्या हाती काही आले नाही. अयाक्सचे नुकसान झाले, हे खरेच आहे. पण पोरे घडवण्याचा खर्च पोरांच्या स्वातंत्र्यातून वसूल करायचा, हा धंदा कोणी ठरवला होता? खर्च वाटून घ्यायचा उपाय समोर असताना तो कोणी टाळला? आरक्षणाने गुणवत्ता बुडाली म्हणणारे आणि बॉसमनने फुटबॉल बुडाले म्हणणारे आम्हाला सारखेच वाटतात. दोघांनाही आधीची व्यवस्था निकोप वाटते, कारण तिचा भुर्दंड त्यांनी कधी भरलेला नसतो.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, आणि ती मालकांच्या टीकेपेक्षा जास्त खरी आहे. या निकालाचा मलिदा वरच्या खेळाडूंनी खाल्ला. १९९९ मध्ये लिव्हरपूलचा स्टीव्ह मॅकमनमन करार संपवून माद्रिदला गेला. वाचलेला ट्रान्सफरचा पैसा पगारात आणि एजंटांच्या खिशात जाऊ लागला. ज्याच्यासाठी चार क्लब रांगेत उभे, त्याला मोकळीक म्हणजे सौदा करण्याची ताकद. ज्याच्यासाठी कोणीच उभे नाही, त्याला करार संपणे म्हणजे जूनमध्ये बेकारी. बॉसमन स्वतः दुसऱ्या प्रकारातला होता. बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये १९४७ साली हाच मुद्दा मांडला होता. बेकार माणसापुढे कमी पगाराची नोकरी ठेवली, तर तो मूलभूत हक्कांवर पाणी सोडून ती नोकरी धरेल, आणि सरकारी बंधन नसलेले स्वातंत्र्य म्हणजे खासगी मालकाची हुकूमशाही ठरेल. हक्क हवाच. पण हक्क वापरायला लागणारी भाकरी हक्काबरोबर आपोआप येत नाही.

निकाल आला तेव्हा बॉसमन ३१ वर्षांचा होता. फुटबॉलपटू म्हणून संपलेला. नंतरच्या मुलाखतींत त्याने जे सांगितले ते वाचून वाईट वाटते. खटल्याच्या काळात एक वेळ अशी आली, की तो आईवडिलांच्या गॅरेजमध्ये राहत होता. नुकसानभरपाई मिळाली ती बरीच उशिरा, आणि टिकली नाही. दारू लागली, नैराश्य आले, सरकारी मदतीवर जगायची वेळ आली. त्याने एकदा आपल्या नावाचे टी-शर्ट काढले. आपल्यामुळे कोट्यवधी कमावणारे खेळाडू आभार म्हणून तरी एकेक घेतील, ही आशा. त्याच्या सांगण्याप्रमाणे एकच विकला गेला, तो त्याच्या वकिलाच्या मुलाने घेतला.

याच काळात साथीदार स्त्रीला मारहाण केल्याबद्दल त्याला शिक्षाही झाली. हे आम्ही झाकून ठेवणार नाही, आणि दारू किंवा अन्याय ही त्याची सबबही होऊ शकत नाही. त्या स्त्रीचे दुःख बॉसमनच्या खटल्याची तळटीप नव्हे. हक्कासाठी लढणारा माणूस घरात अत्याचारी असू शकतो, हे आपल्या चळवळीनेही पाहिले आहे आणि आपल्या लेखिकांनी बिनतोड लिहिलेही आहे. त्याने जिंकलेला हक्क त्यामुळे खोटा ठरत नाही, एवढेच.

त्याची तुलना जॉर्ज ईस्टहॅमशी करून पाहा. १९६० मध्ये न्यूकॅसलने त्याला सोडायला नकार दिला. त्याने खेळणे थांबवले, दक्षिण इंग्लंडमध्ये जाऊन बूच विकण्याची नोकरी धरली. यथावकाश तो आर्सेनलला गेला, पण खटला त्याने मागे घेतला नाही, आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी इंग्लंडमधली खेळाडू अडकवून ठेवण्याची पद्धत अन्याय्य ठरवली. ईस्टहॅम उद्ध्वस्त झाला नाही, १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातही होता. फरक कशाचा? खेळ तर त्याचा बॉसमनपेक्षा सरस होताच. पण त्याच्या खटल्याचा भार खेळाडूंच्या संघटनेने उचलला होता. त्याच संघटनेने १९६१ च्या जानेवारीत संपाची तयारी दाखवून आठवड्याला २० पौंडांची कमाल वेतनमर्यादा उठवायला लावली होती. पगारासाठी आणि खटल्यासाठी संघटना एकच, आणि सभासद मैदानात खेळणारेच. बॉसमनलाही पुढे फिफप्रो या आंतरराष्ट्रीय संघटनेने हात दिला, वकील तर पहिल्यापासून चांगले होते. पण सोबत खेळणाऱ्यांची फळी मागे उभी राहिली नाही, ही त्याची तक्रार कायम राहिली.

अलीकडे हा धडा घेतलेला दिसतो. फ्रान्सचा लासाना डियारा २०१४ मध्ये मॉस्कोच्या लोकोमोटिव्ह क्लबशी वादात सापडला. फिफाने त्याच्यावर क्लबला १ कोटी ५ लाख युरो देण्याची जबाबदारी टाकली. २०१५ मध्ये शार्लरुआचा एक क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण पुन्हा तोच कागद अडला, ट्रान्सफरचे प्रमाणपत्र! शहर बॉसमनचेच, क्लब फक्त वेगळा. डियाराच्या मागे मात्र फ्रेंच खेळाडूंची संघटना आणि फिफप्रो उभ्या राहिल्या. वकिलांत बॉसमनचेच ज्याँ-लुई ड्युपाँ होते. ४ ऑक्टोबर २०२४ ला त्याच न्यायालयाने फिफाचे संबंधित नियम युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवले. डियारा चेल्सी, आर्सेनल, रिअल माद्रिद खेळून आलेला, गाठीला पैसा असलेला खेळाडू होता, हेही विसरू नये.

आता आपल्याकडे या. अॅट्रॉसिटीची तक्रार देणारा माणूस बहुतेक वेळा बॉसमनसारखाच साधा असतो. पुढारी नसतो, वक्ता नसतो. नकार देतो आणि अडकतो. पहिले आठ दिवस गावात गाड्या येतात, निवेदने दिली जातात, फोटो निघतात. मग खटला वर्षानुवर्षे चालतो आणि त्याला शेतावर कोणी बोलावत नाही. कायद्यात याची तरतूद नाही असे नाही. २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आणि कलम १५-एने पीडित व साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च, निर्वाहखर्च आणि पुनर्वसनाचा हक्क दिला. आपल्यातले किती कार्यकर्ते हे कलम हातात घेऊन तहसीलदारापुढे, जिल्हाधिकाऱ्यापुढे बसतात? एफआयआरची प्रत आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असते. निर्वाहखर्चाच्या अर्जाची पोच किती जणांकडे असते?

आम्ही संघटनांच्या बैठकांत एक सूचना मांडत आलो आहोत, इथे पुन्हा मांडतो. खटल्यासाठी निधी गोळा होतो तेव्हा वकिलाच्या फीबरोबर तक्रारदाराच्या घरखर्चाची रक्कम पहिल्याच दिवशी वेगळी काढावी. किराणा, पोरांची फी आणि तारखेला जाताना बुडणारी मजुरी धरून. जिल्ह्यातल्या नोकरदार बंधुभगिनींनी महिन्याची ठरावीक रक्कम त्या खात्यात भरावी, निकाल लागेपर्यंत आणि निकालानंतर किमान एक वर्ष. बॉसमनचा खटला पाच वर्षे चालला. आपले खटले त्याहून लांबतात, म्हणून हिशेब सात वर्षांचा धरूनच खाते उघडावे.